हललीस तर पहिल्यापासून

४ फेब्रुवारी

दादा,

सप्रेम नमस्कार लिहिणार होते, पण हात पुढे गेला नाही. नुसतं दादा पुरे.

तुझं पत्र मिळालं. आई गेली त्या वर्षापासून तू मला एक ओळ लिहिली नव्हतीस, आणि आता एकदम चार पानं. पहिल्या तीन पानांत माझे गुडघे, माझे डोळे, माझं एकटीचं राहणं, सगळ्याची विचारपूस. आणि चौथ्या पानाच्या तळाशी, जाता जाता आठवल्यासारखं, 'निगेटिव्हच्या त्या पेट्या आहेत ना अजून तुझ्याकडे?' अरे, पहिल्याच ओळीत विचारायचंस. माझे डोळे तरी वाचले असते.

आहेत पेट्या. त्या माझ्याकडे कशा आल्या ते आठवतंय का? बाबांच्या फोटो स्टुडिओत नवी फरशी घालताना तू मागची खोली रिकामी केलीस आणि दोन्ही पेट्या जिन्याखाली टाकल्यास. "ही अडगळ भंगारात देतोय, तुला काही हवं असेल तर बघून घे," असं म्हणालास. मी काहीच बघत बसले नाही, दोन्ही पेट्या गाडीत घालून घेऊन आले. आता त्याच अडगळीला तू 'आपल्या घराचा ठेवा' म्हणतोस.

कात्रण जोडलंस ते बरं केलंस, नाहीतर तुझी मुलाखत माझ्या नजरेतून सुटली असती. तू भरवणार असलेल्या जुन्या फोटोंच्या प्रदर्शनाचं नाव 'हरवलेलं बालपण'. फोटोत तू छान दिसतोस, पांढरे केस तुला शोभतात. आजच्या मुलांना बालपणच उरलेलं नाही म्हणतोस. आमच्याकडे काहीच नव्हतं तरी सगळं होतं, म्हणतोस. स्टुडिओ म्हणजे आम्हा भावंडांचं खेळायचं मैदान होतं. आणि, हे मी दोनदा वाचलं, 'आमच्या वडिलांनी आमच्यावर कधी हात उगारला नाही, त्यांची नुसती नजर पुरायची.'

दादा, कोणाचे वडील हे? मला पण भेटव त्यांना.

खेळायचं मैदान! ती निळ्या डोळ्यांची बाहुली काचेच्या कपाटात असायची आणि कपाटाची किल्ली बाबांच्या खिशात. गिऱ्हाइकाची मुलगी आली की बाहुली बाहेर निघायची, तिच्या मांडीवर बसायची, फोटो झाला की परत आत. बाहुलीचे केस मी विंचरायचे, पण ते काम म्हणून. एकदा मी तिला नुसतं कडेवर घेतलं तर काय झालं ते तू मुलाखतीत सांगितलं नाहीस. विसरला असशील. तुला विसरायची कला पहिल्यापासून आहे.

आणि त्या घरात आई नावाची एक बाई होती, तिचा तर तू उल्लेखही केला नाहीस. मागच्या खोलीत खिडकीशी बसून तिरक्या काचेवर निगेटिव्ह ठेवायची, आणि सुईसारखं टोक केलेल्या पेन्सिलीनं लोकांच्या चेहऱ्यावरचे व्रण, देवीचे वण, डोळ्यांखालची काळी वर्तुळं बुजवायची. आपल्या स्टुडिओत फोटो काढला की माणूस सुंदर दिसतो असं सगळे म्हणायचे, ते बाबांमुळे नव्हे. पुढे तिचे डोळे गेले आणि ती पेन्सिल माझ्या हातात आली. मी तेव्हा फ्रॉक घालत होते. तू गल्लीत खेळत होतास, म्हणून तुला ते मैदान आठवतं.

तर उत्तर असं: पेट्या मिळणार नाहीत. गुडघे बरे आहेत.

धाकटी

१९ फेब्रुवारी

दादा,

नाही म्हटलेलं तुला कळत नाही, हे मी विसरले होते.

म्हणे कडवटपणा सोड. म्हणे आपल्यासारखं बालपण आता कुणाला मिळायचं नाही. मोकळी हवा, गच्ची, शेजारपाजार, मोठ्यांचा धाक, एक फटका बसला की आयुष्यभराचं वळण. (मुलाखतीत तर बाबा हात उगारत नव्हते. पत्रात फटका कुठून आला? एकदा काय ते ठरव.) 'मार खाल्ला म्हणून आपण काही वाया गेलो नाही ना?' असं विचारतोस. तू गेला नाहीस. माझ्याबद्दल माझ्या वतीनं बोलू नकोस.

हे सगळं मी गिळलं असतं. तुझ्या वयाच्या सगळ्याच पुरुषांना तेव्हाचं सगळं गोड लागतं. खालच्या मजल्यावरचा शिंपीही मशीन चालवता चालवता हेच सांगत असतो. पण पुढचं वाचलं आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

तू स्टुडिओतला तो डोकं धरायचा चिमटा बाहेर काढलास. गंज घासून काळा रंग दिलास आणि प्रदर्शनाच्या मध्यभागी उभा करणार आहेस. मुलं त्यात उभी राहतील, आईबाप मोबाइलवर फोटो काढतील. 'आपला पुतळा-पुतळा! आठवतं का गं, काय हसायचो आपण!'

मी तुला आठवण करून देते.

आजोबांच्या काळातला लोखंडी स्टँड. तेव्हा कॅमेऱ्याला वेळ लागायचा, माणूस हलला की चेहरा पुसट यायचा, म्हणून मागून डोक्याला चिमटा लावायचे. बाबांच्या काळात त्याची गरज उरली नव्हती. गरज उरली नव्हती म्हणून त्यांनी तो आपल्यासाठी ठेवला. दुपारी दुकान बंद झालं की माझा गुन्हा निघायचा. मग मला त्यात उभं करायचे, दोन्ही कानांच्या मागे लोखंड. समोर घड्याळ. हललीस तर पहिल्यापासून. बाबा हे कधी ओरडून म्हणाले नाहीत, त्यांचा आवाज अगदी गिऱ्हाइकाशी बोलतानाचा असायचा. आणि मी हलायचे, दादा. मला पापणीसुद्धा एका जागी ठेवता यायची नाही. हलले की गालावर बसायची, आणि घड्याळ पहिल्यापासून.

बाबा जेवायला जायचे तेव्हा पाहऱ्याला कोण असायचं? स्क्रू कोण आवळायचं? "हलली, बाबा, हलली!" अशी कोणाची आरोळी जायची? तू हसायचास, ते खरं आहे. 'हसायचो' म्हणून त्यात मला धरू नकोस.

आई गेली तेव्हा भेटायला आलेल्यांसमोर तू हीच गंमत सांगितलीस. "ही फार हलायची," म्हणालास आणि लोक हसले. मी चपला घातल्या आणि निघाले. मी का गेले असं तू सगळ्यांना विचारत होतास, असं नंतर कळलं. एवढी वर्षं मला वाटत होतं की तुला लाज वाटून तू सारवासारव करतोस. तुझं हे पत्र वाचल्यावर कळलं की तुला खरंच तसंच आठवतं. ते जास्त वाईट आहे.

आणि पोस्टरवर तुझी नात. तिला तू भिंगरी म्हणतोस असं सूनबाई मागे म्हणाली होती. एका जागी ठरत नाही म्हणून भिंगरी, आणि तिलाच त्या चिमट्यात उभी करून फोटो काढलास.

तो चिमटा हलव. प्रदर्शनातून आणि घरातूनही. नाहीतर पेट्या उघडतील, पण तुला हव्यात तशा नाही. आईची पेन्सिल टर्पेंटाइनच्या एका बोळ्यानं निघते, हे तुला ठाऊक नसेल. तू मागच्या खोलीत कधी आलाच नाहीस.

धाकटी

५ मार्च

दादा,

तुझी सूनबाई काल बोलली माझ्याशी. तिच्यावर डाफरू नकोस, तिनं चहाडी केली नाही. तिला वाटलं मी मोठी आहे, जुनी आहे, मला विचारावं. "आत्या, तुमच्या लहानपणी असं असायचं का हो? आमचे बाबा म्हणतात असायचं. भिंगरीनं जेवताना ताट लोटलं म्हणून बाबांनी तिला त्या स्टँडला उभं केलं. गंमत गंमत म्हणत होते. ती आधी हसत होती. मग हसेना. पण बाबा म्हणाले, हललीस, आता पहिल्यापासून."

दादा, हे शब्द तुझ्या तोंडी जसेच्या तसे कसे आले? इतर सगळं विसरलास ना?

मी तिला सांगितलं की हो, असायचं. पुढचं न सांगताच फोन ठेवून दिला. मग पेटी उघडली.

स्टुडिओच्या शोकेसमधल्या फोटोतली मुलगी तुला हवी होती ना, पोस्टरच्या वरच्या कोपऱ्यात? मांडीवर बाहुली, हसरी, केसांत रिबन. त्या एका फोटोवर बाबांनी किती आयांना आत ओढलं असेल! आमच्या मुलीचाही अस्सा काढा, म्हणत यायच्या. ती निगेटिव्ह मी खिडकीशी धरली. उजव्या गालावर पेन्सिलीच्या बारीक बारीक रेघा, एकीत एक गुंतलेल्या. आईचा हात. तिनं कधी बाबांना अडवलं नाही, 'नका हो' एवढंही तिच्या तोंडून आलं नाही. मूग गिळून मागच्या खोलीत जायची आणि रात्रीपर्यंत माझा गाल नीट करायची. कागदावरचा. मारून झालं की बाबांना फोटो काढायची हुक्की यायची, आठवतं? बाहुली तेव्हाच मिळायची मला. मी त्या फोटोत हसते आहे ते खरं आहे, कारण बाहुली मांडीवर होती.

त्या रेघांशिवाय आईचं माझ्याकडे काही नाही. दागिने तुझ्याकडे, पातळं तू वाटून टाकलीस. मी बोळा भिजवला आणि परत वाटीत ठेवला. ज्या बाईनं मला वाचवलं नाही, तिची आठवण म्हणून तिनं झाकलेलंच जपायचं का, हे मला ठरवता येईना. मग भिंगरी हसेना झाली ते मनात आलं आणि मी पुसलं. एका हातात निघालं सगळं.

खिडकीला काळा कागद लावून बाथरूममध्येच छापलं. त्या काळच्या फिल्मला लाल रंग काळा दिसायचा, त्यामुळे वळ शाईनं काढल्यासारखे उठले आहेत. चार बोटं आणि अंगठ्याचा थोडा भाग. फोटो सोबत पाठवते आहे. हा लाव पोस्टरवर.

एक खरं सांगते, नाहीतर तू म्हणशील हिला चांगलं काही आठवतच नाही. गच्चीवरच्या हौदात प्रिंट धुवायचं काम आपल्या दोघांकडे असायचं. पाण्यात तरंगणारे लोकांचे चेहरे, त्यांना आपण आवाज द्यायचो. तू त्या जाड सावकाराचा आवाज काढायचास आणि मी त्याच्या बायकोचा. हसून हसून माझी रिबन पाण्यात पडायची. ते होतं, मी नाही कुठे म्हणते? आणि आजची मुलं सुखात आहेत असंही माझं म्हणणं नाही. शिंप्याची दोन्ही पोरं शाळेतून आली की मोबाइलमध्ये तोंड खुपसून बसतात, हौद दाखवला तर आत नेटवर्क येतं का विचारतील. पण दादा, शिंपी हाक मारतो तेव्हा ती दचकत नाहीत. "थांबा हो पप्पा," म्हणतात. बापाला थांबा म्हणतात! पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मीच जिन्यात थबकले, आता याला बसणार म्हणून. काही बसलं नाही. शिंपी कातरत राहिला.

मला तेवढं मिळालं असतं तर तुझा हौद आणि तुझी गच्ची तुलाच लखलाभ.

चिमटा हलव.

धाकटी

१७ मार्च

दादा,

पोस्टर पाहिलं. शिंप्याच्या मोठ्या मुलीनं मोबाइलवर शोधून दाखवलं. फार सुबक झालंय.

माझा गाल कोणी केला? 'फिल्मवर डाग पडला होता, कॉम्प्युटरवाल्या मुलाकडून काढून घेतला' असं तू सूनबाईला म्हणालास म्हणे. डाग! मी आईच्या हातचं पुसून तुला जे पाठवलं, ते तू कोणा पोराकडून बटण दाबून परत झाकून घेतलंस. आधी संतापले, मग हसायलाच आलं. घराण्याचा धंदा तू चालू ठेवलास म्हणायचा. आईला निदान त्यासाठी डोळे खर्चावे लागले.

ठीक आहे. माझ्या गालानं तुला काही होत नाही, हे मला कळायला हवं होतं. तो गाल तू समोर उभा राहून पाहिला होतास, तेव्हाही काही झालं नव्हतं.

आता दुसरी पेटी.

मुलाखतीच्या शेवटी तू लाकडी घोड्याचं सांगितलंस. नऊ वर्षांचा तू, घोड्यावर, खांद्यावर बाबांचा हात. 'त्या दिवशी बाबांनी आपणहून मला घोड्यावर बसवलं, माझ्या आयुष्यातला सगळ्यात सुखाचा दिवस तो,' असं म्हणालास. ते छापून आलेलं तुझ्या सुनेनं फ्रेम करून लावलंय. तुझ्या टेबलावर तो फोटोही आहे, मी ऐकलं.

ती निगेटिव्ह माझ्यापुढे आहे. डाव्या गालावर पेन्सिल आहे, दादा.

तू विचारात पडला असशील. पडूच दे. त्या दिवशी कॅमेऱ्यामागे आई होती, आणि मी गच्चीच्या जिन्यावर. काय झालं होतं ते मला नीट आठवतं. तुला सांगणार नाही. आपल्या दोघांशिवाय ते माहीत असलेलं आता कोणी उरलं नाही, म्हणजे माझ्याशिवाय कोणीच नाही.

तुझी सगळी गोष्ट त्या एका फोटोवर उभी आहे, हे मला दिसतं. बाबा चांगले होते, ते कडक होते पण माया होती, पुतळा हा खेळ होता, आणि ही आमची धाकटी जरा जास्तच हळवी. तो गाल पुसला की यातलं काय उरेल ते तू बघ. मी अजून पुसलेलं नाही. बोळा वाटीत आहे.

उद्घाटनाच्या दिवशी मी येते आहे. तेव्हा चिमटा तिथे दिसला नाही, तर हा घोडा तसाच तुला देऊन टाकीन, आणि तुझा सुखाचा दिवस तुझ्यापाशी राहील. दिसला, तर पाकिटात दुसरा फोटो असेल. हे मी रागाच्या भरात लिहीत नाही. फार वर्षांनी मला शांत वाटतं आहे.

धाकटी

२ एप्रिल

दादा,

तुझं कार्ड आलं. या वेळी चार पानं नाहीत, एकच ओळ. 'त्या दिवशी नक्की काय झालं होतं?' खाली सहीसुद्धा नाही.

आधी परवाचं लिहिते. सूनबाई म्हणते तुला त्यातलं धड काही आठवत नाही, कोण काय बोललं तेही नाही. मला सगळं आठवतं.

मी आले तेव्हा हॉल भरला होता. चिमटा मध्यभागी होता, भोवती लाल दोरी, वर दिव्याचा झोत. मुलांची रांग लागली होती. तू माइक घेऊन सांगत होतास की आजची मुलं एक मिनिटही स्वस्थ उभी राहू शकत नाहीत, आम्ही मात्र तासन् तास राहायचो, त्यातून एकाग्रता आली. लोक माना डोलावत होते. मग तू म्हणालास, "माझी नात दाखवेल तुम्हाला," आणि भिंगरीला पुढे घेतलंस. नवा फ्रॉक, दोन वेण्या. तू तिच्या मागे गेलास, स्क्रूला हात घातलास. तिनं डोळे मिटून घेतले, दादा. चिमटा लागायच्या आधी. ते तुला मागून दिसलं नसेल.

मी दोरी ओलांडून आत आले. तू म्हणालास, "अरे वा, ही बघा, शोकेसमधली मुलगी आली!" आणि टाळ्या पडल्या. मी पाकीट तुझ्या हातात दिलं. तुला वाटलं सप्रेम भेट. सगळ्यांसमोर हसत हसत उघडलंस.

"हा कोण?" असं तू विचारलंस. "कोणाचा मुलगा हा?"

"घोडा ओळखीचा वाटतो का बघ," मी म्हणाले.

डोळ्यांतलं पाणी आईनं निगेटिव्हवरून सुरीनं खरवडलं होतं, ते काही परत येत नाही. पण वळ आले, कानापर्यंत. ओठ सुजलेला आला. खांद्यावरचा बाबांचा हात पूर्वीही तसाच होता, पण गाल दिसल्यावर तो हात निराळा दिसतो. तू फोटो जवळ घेतलास, लांब धरलास, चष्मा काढलास. माइक तुझ्या दुसऱ्या हातात चालूच होता, त्यामुळे सगळ्या हॉलनं ऐकलं. "मी रडत नव्हतो," असं म्हणालास. बहात्तर वर्षांच्या माणसाचा आवाज नव्हता तो. मग, "खेळ होता ना गं तो?"

सूनबाईनं भिंगरीचा हात धरला आणि तिला दोरीबाहेर नेलं. माइक कोणीतरी बंद केला.

मला बरं वाटलं. लोक म्हणतात सूड घेऊन काही मिळत नाही, मन रितं होतं वगैरे. माझं नाही झालं. परतीच्या वाटेत मी चहा घेतला, तोही नेहमीपेक्षा चांगला लागला. तुला खोटं कशाला सांगू?

आणि काल सूनबाईचा फोन. उद्घाटनाच्याच दिवशी संध्याकाळी तू स्वतः तो चिमटा सुटा केलास, हाताला लागलं तरी कोणाला हात लावू दिला नाहीस, आणि तुकडे घेऊन कुठेतरी गेलास. पोस्टर उतरवलं. भिंगरीनं जेवताना भात सांडला तर तू उठून आत निघून गेलास. हे केलंस म्हणून हे पत्र लिहिते आहे, नाहीतर तुझं कार्ड मी फाडून टाकलं असतं.

तर, त्या दिवशी काय झालं होतं.

मी चिमट्यात होते. बाबा जेवायला गेले होते, तू पाहऱ्याला. फार ऊन होतं आणि मला भोवळ येत होती, पण मी रडत नव्हते, काही मागतही नव्हते. मागायचं नसतं हे मला तोवर कळलं होतं. तू माझ्याकडे बघत होतास. मग उठलास, मागे आलास, मला वाटलं अजून आवळणार. तू स्क्रू ढिला केलास. मी वळून पाहिलं. "पळ," म्हणालास, "गच्चीवर जा, खाली येऊ नकोस, मी सांगतो काय ते." मी पळाले. जिन्यावरून ऐकलं सगळं. बाबांनी विचारलं कोणी सोडलं, आणि तू म्हणालास, "मी. ती मरेल, बाबा."

मग तुला बसली, तशी मला कधीही बसली नव्हती. त्यानंतर बाबांना हुक्की आली. घोडा काढला, तुझे केस विंचरले, हात खांद्यावर ठेवला आणि आईला कॅमेऱ्याचा रबरी बल्ब दाबायला लावला. दुसऱ्या दिवसापासून तू स्क्रू असा आवळायचास की माझ्या कानामागचं कातडं निघायचं. पुन्हा कधी सोडलं नाहीस.

हे मी तुला एकाही पत्रात लिहिलं नव्हतं. मुद्दाम. लिहिलं असतं तर तुला केवढा आधार झाला असता! चांगला भाऊ, बहिणीसाठी मार खाल्ला, टाळ्या. मला ते होऊ द्यायचं नव्हतं. एवढी वर्षं मी तुझा तो एक दिवस दाबून ठेवला, आणि मला त्याचं वाईट वाटत नाही. आता देते आहे तो त्यासाठी नाही, आणि मी तुला माफ केलं असाही अर्थ काढू नकोस.

मुलाखतीत, पत्रात, माइकवर, तू एकच म्हणत आलास की तेव्हा कोणाला काही वाटायचं नाही, काळच तसा होता, मुलांना तो खेळच वाटायचा, कळायचंच नाही. तू नऊ वर्षांचा होतास आणि ती मरेल असं म्हणाला होतास. तुला कळत होतं, दादा. त्या घरात सगळ्यात आधी तुलाच कळलं होतं.

धाकटी